बोटी, मच्छीमार आणि बेपत्ता वैमानिक

१ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबाद यांच्यात दोन याद्यांची देवघेव होते आणि बोईसर-तारापूर पट्ट्याचा संबंध दोन्हींशी आहे. पहिली यादी अणुकेंद्रांची. भारत आणि पाकिस्ताननं एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी झाला. हल्ला नेमका कुठे करायचा नाही हे समोरच्याला ठाऊक असावं, म्हणून १९९२ पासून दर नववर्षदिनी ठिकाणांची यादी कळवली जाते. यादी जाहीर होत नाही. पण १९६९ पासून वीज देणारं तारापूरचं, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तिच्यात नसेल, असं इथला कोणी मानणार नाही. दुसरी यादी कैद्यांची. २००८ च्या करारानुसार ती वर्षातून दोनदा निघते, १ जानेवारीला आणि १ जुलैला.

पहिल्या यादीबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही. दुसरीबद्दल बोलतात, निदान डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तरी. तिथली तरुण माणसं पाऊस सरला की ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात कुंपण नसतं. हद्द ओलांडल्याचं कारण सांगून पाकिस्तानी गस्ती नौका बोट धरून नेते, आणि मग घरच्यांच्या तोंडी कराचीच्या तुरुंगाचं नाव येतं. जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्ताननं २१७ भारतीय मच्छीमार आपल्या ताब्यात असल्याचं मान्य केलं. जुलैत हा आकडा १९३ होता. २०१४ पासून २,६३९ मच्छीमार परत आले, असं परराष्ट्र खात्यानं जानेवारीत सांगितलं.

यादीसोबत निघणाऱ्या परराष्ट्र खात्याच्या पत्रकात एक वाक्य ठरलेलं असतं. मुलकी कैदी, बोटींसह मच्छीमार आणि बेपत्ता भारतीय संरक्षण कर्मचारी यांची लवकर सुटका व्हावी, अशा अर्थाचं. मच्छीमारांचा आकडा असतो, मुलकी कैद्यांचा असतो. बेपत्ता सैनिकांसमोर पाकिस्तानच्या बाजूनं आकडाच नसतो, कारण असे कोणी आपल्याकडे आहेत हेच पाकिस्तान मानत नाही. आपल्या सरकारनं २०१९ मध्ये संसदेत सांगितलेली संख्या ८३ आहे आणि त्यांतले ५४ जण १९७१ च्या युद्धातले युद्धकैदी मानले जातात. म्हणजे आज कराचीतल्या मलीरच्या तुरुंगात असलेल्या बहुतेक खलाशांच्या जन्माआधीपासून हे लोक बेपत्ता आहेत. बोटींच्या जोडीनं एका वाक्यात बसवलेली ही माणसं कोण, आणि त्यांना शोधायला कोण निघालं, हे या लेखाचं निमित्त.

*

त्या ५४ जणांत कॅनबेरा या बाँबर विमानावरची एक जोडी आहे: फ्लाइट लेफ्टनंट लॉइड मोझेस ससून आणि फ्लाइट लेफ्टनंट राम मेथाराम अडवाणी. लढाऊ विमानाचा वैमानिक एकटा जातो, त्यामुळे घाव एका घरावर पडतो. बाँबर कोसळलं की एकाच क्षणी अनेक घरांत तार जाते आणि पुढची कित्येक वर्षं ही घरं एकमेकांकडे बघत राहतात. तुमच्याकडे काही कळलं का? दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लँकेस्टरवर सात जण असत: वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नेव्हिगेटर, बाँब टाकणारा, वायरलेसवाला आणि दोन तोफची, त्यांतला एक पार शेपटाकडच्या काचेच्या खोक्यात. ब्रिटनच्या बाँबर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख माणसं विमानांतून गेली, त्यांतली ५५,५७३ मारली गेली. आज तिकडे कोणी आपल्या आजोबांचा शोध घ्यायला बसलं, की पाठोपाठ उरलेल्या सहा जणांची नातवंडंही शोधावी लागतात, कारण कुणाकडे फोटो असतो, कुणाकडे पत्र, कुणाकडे शेवटच्या रजेची आठवण.

कॅनबेरावर माणसं दोनच. हे ब्रिटिश बनावटीचं जेट भारतानं १९५० च्या दशकाच्या अखेरीस घेतलं आणि मे २००७ पर्यंत वापरलं. पुण्याच्या लोहगाव तळावर कॅनबेराच्या ३५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा मुक्काम होता. डिसेंबर १९७१ मध्ये कराचीच्या तेलटाक्यांवर बाँब टाकणाऱ्यांत ती होती. आपल्याकडची बहुतांश कॅनबेरा ज्या प्रकारची होती, त्यात वैमानिक डाव्या अंगाला सरकवलेल्या पारदर्शक घुमटाखाली बसे. नेव्हिगेटर आत, अंधाऱ्या पोटात. बाँब टाकायची वेळ आली की सरपटत नाकाकडे जाऊन पालथा पडे. वैमानिकाच्या खुर्चीखाली स्फोटक होतं, दांडा ओढला की खुर्चीसकट माणूस बाहेर फेकला जाई. नेव्हिगेटरला अशी खुर्ची नव्हती. त्यानं बाजूचा दरवाजा गाठायचा, तो उघडायचा आणि उडी मारायची. विमान गिरक्या खात असताना हे कितपत शक्य आहे, ते समजायला वैमानिक असावं लागत नाही.

२१ सप्टेंबर १९६५ ला हे प्रत्यक्ष घडलं. सरगोध्यावरून परतणारं एक कॅनबेरा पाकिस्तानच्या एफ-१०४ नं पाडलं. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट लोव बाहेर फेकले गेले, कैद झाले आणि पुढे सुटून आले. नेव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर कपूर मेले. विमान तेच, मारा तोच, रात्रही तीच. दोन घरांचं पुढचं आयुष्य कसं जाणार, हे विमानाचा आराखडा काढणाऱ्यानं कागदावरच ठरवून टाकलं होतं. हवाई युद्धावरच्या पराक्रमाच्या पुस्तकांत या खुर्चीबद्दल फार थोडं लिहिलेलं असतं. नातेवाईक मात्र शोधायला लागले की पहिल्याच आठवड्यात तिथे येऊन पोचतात: माझा माणूस कुठे बसला होता?

*

१९७१ मधल्या बेपत्तांपैकी सर्वांत दीर्घ आणि सर्वांत चिवट शोध एका मराठी घरातून झाला. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे बाँबरवर नव्हते; ते ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ उडवत. हे एकट्यानं चालवायचं विमान, पण काम बाँब टाकण्याचं, म्हणून त्याला लढाऊ-बाँबर म्हणतात. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोडच्या हवाई तळावरच्या हल्ल्यात त्यांचं विमान पडलं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला होता. नंदू नाटेकरांपासून सुरू झालेल्या त्या मानाच्या यादीत तांबे हे नाव आहे.

यानंतर पाचच दिवसांनी आणखी एका मराठी वैमानिकाचं सुखोई-७ पाडलं गेलं. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर पॅराशूटनं उतरले, पकडले गेले आणि रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत पोचले. तिथे वायुदलाचे एकूण १२ जण होते. ऑगस्ट १९७२ मध्ये परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांनी भिंत फोडली, पेशावर ओलांडलं आणि अफगाण सरहद्दीच्या अगदी जवळ जाऊन पकडले गेले. त्यावर फेथ जॉन्स्टन यांचं पुस्तक आहे, चित्रपटही झाला. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून भारतीय युद्धकैदी परतले, त्यांत हे बारा जण होते. तांबे नव्हते. ससून नव्हते, अडवाणी नव्हते.

इथून पुढे तांबे कुटुंबानं जे केलं ते वृत्तपत्रांतून आणि संसदेच्या कामकाजातून विखुरलेलं सापडतं. त्यांच्या हातात आलेला पहिला धागा युद्धाच्या दिवसांतल्याच एका पाकिस्तानी वृत्तपत्राचा होता. ढाक्याहून निघणाऱ्या त्या पत्रात पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याचं छापलं होतं, आणि नावांत एक ‘फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे’ होता. वायुदलात टॉम्बे नावाचा कोणी नव्हता. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस बांगलादेशच्या नौदलातल्या एका अधिकाऱ्यानं लायलपूरच्या तुरुंगात आपण तांबे यांच्याबरोबर होतो, असं सांगितल्याचं कुटुंबाला कळलं.

हे दोन पुरावे एका वजनाचे नाहीत. वर्षांनंतर सांगितलेली आठवण, तीही दुसऱ्या देशातल्या तुरुंगातली, कोर्टात फार टिकत नाही आणि माणसाच्या मनात मात्र सर्वांत खोल रुतते. वृत्तपत्रातली ओळ वेगळी. ती लिहिणाऱ्याला पुढे काय वाद होणार हे ठाऊक नव्हतं, म्हणून तिला किंमत आहे. मेजर ए. के. घोष यांच्याबाबतीत असंच घडलं: २७ डिसेंबर १९७१ च्या ‘टाइम’ साप्ताहिकात गजाआडच्या एका भारतीय कैद्याचा फोटो आला आणि घरच्यांनी तो आपला माणूस म्हणून ओळखला. मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना तर मुलाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी आली, १९७४ मध्ये, युद्ध संपून तीन वर्षांनी. हस्ताक्षर तपासून घेतल्यावर ‘लढाईत ठार’ ही सरकारी नोंद ‘बेपत्ता’ अशी बदलली गेली. चंदर सुता डोगरा यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात ५४ जणांच्या अशा पुराव्यांची एकेक करून छाननी केली आहे; ते वाचताना लक्षात येतं की ‘५४’ हा एक आकडा असला तरी त्यामागची प्रकरणं एका जातीची नाहीत. काही जण जिवंत पकडले गेल्याची खूण ठळक आहे, काहींबाबत जवळपास काहीच नाही. सगळ्यांना एका यादीत बसवल्यामुळे चळवळीला बळ आलं आणि पुराव्याला बाधा आली, असं माझं मत झालं आहे.

१२ एप्रिल १९७९ रोजी लोकसभेत ४० नावांची यादी ठेवली गेली. सप्टेंबर १९८३ मध्ये सहा नातेवाइकांना पाकिस्तानात मुलतानच्या तुरुंगात नेण्यात आलं. दमयंती तांबे त्या वेळच्या आणि नंतरच्याही प्रयत्नांत होत्या. जून २००७ मध्ये १४ नातेवाइकांनी पाकिस्तानातले अनेक तुरुंग पाहिले. काही हाती लागलं नाही. २०११ च्या अखेरीस गुजरात उच्च न्यायालयानं हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावा असा आदेश केंद्राला दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. दोन देशांतले वाद तिसऱ्या दारी न्यायचे नाहीत ही शिमला कराराची भूमिका यात आडवी आली असणार, आणि सरकारची अडचण समजण्यासारखी आहे. पण १९७२ मध्ये ९३ हजार पाकिस्तानी कैदी आपल्या ताब्यात होते. आपल्या मोजक्या बेपत्तांची एकेक फाइल समोर ठेवून विचारायची वेळ तेव्हा होती. जिंकलेल्या पक्षाला हिशेब मागायची घाई नसते, हे त्या वर्षी आपण दाखवून दिलं.

दमयंती तांबे यांनी पुन्हा लग्न केलं नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडा विभागात त्यांनी नोकरी केली. मुलाखतकारांना या गोष्टीत एक हळवी प्रेमकथा दिसते. मला त्यात चिकाटीनं चालवलेलं दप्तर दिसतं: अर्ज, उत्तरं, कात्रणं, परराष्ट्र खात्यातल्या बदलत जाणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं. डहाणूच्या एखाद्या पाड्यावर पतीच्या आधारकार्डाची झेरॉक्स आणि बोटमालकाचा फोन नंबर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवणारी बाई तेच करत असते.

*

१९७१ च्या मागे गेलं की चित्र आणखी विरळ होतं, आणि पालघरमध्ये ते का विरळ झालं याला एक स्थानिक कारण आहे.

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबारात पाच जण पडले: सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सालवडचे सुकुर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी. पाचबत्तीच्या हुतात्मा स्तंभापाशी दर वर्षी गर्दी होते आणि ही नावं इथल्या शाळकरी मुलांना तोंडपाठ असतात. नांदगाव आणि सालवड तर बोईसरला चिकटून. पण त्याच ऑगस्टात ब्रिटिश गणवेश घातलेले लाखो हिंदी तरुण आफ्रिकेत, इराकात, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होते. युद्ध संपेपर्यंत हिंदी सैन्य २५ लाखांवर गेलं, आणि त्यांतले ८७ हजारांहून अधिक मेले. ज्या गावानं १९४२ मध्ये गोळ्या खाल्ल्या, त्या गावात गोळी झाडणाऱ्या सरकारच्या बाजूनं लढायला गेलेल्याचं नाव मोठ्यानं घेणं अवघड झालं. घरातही तो विषय निघत नसे. फोटो भिंतीवरून पेटीत गेला.

दिल्लीत या मंडळींची अवस्था विचित्र आहे. इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावं आहेत, ती पहिलं महायुद्ध आणि १९१९ च्या अफगाण युद्धापर्यंतची. २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर स्वातंत्र्यानंतरची. १९३९ ते १९४५ मध्ये गेलेला माणूस या दोन्हींच्या मधल्या फटीत पडला. त्याचं नाव ठेवलंय राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं, १९१७ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या संस्थेनं. खडकीच्या युद्धस्मशानात गेलेल्यांनी तिथली कापलेली हिरवळ पाहिली असेल. हीच संस्था धुतल्या तांदळासारखी नाही. पहिल्या महायुद्धातल्या किमान एक लाख सोळा हजार आफ्रिकी-आशियाई सैनिकांना नावानं स्मारक मिळालं नाही, कदाचित ही संख्या साडेतीन लाखांपर्यंत असेल, असं तिच्याच २०२१ च्या अहवालात मान्य केलं आहे. तरी दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत आज तिच्यासारखी शोधता येणारी नोंद आपल्याकडे कोणाचीच नाही, ही गोष्ट खटकते.

आकाशात हरवलेल्यांचं काय? हिंदी वायुदलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन १९४३-४४ मध्ये अराकान आणि इंफाळच्या आघाडीवर व्हल्टी व्हेंजन्स ही सूर मारणारी बाँबर उडवत. पुढे वैमानिक, मागे तोफ सांभाळणारा जोडीदार. शत्रूच्या डोक्यावर जवळजवळ सरळ उभं कोसळायचं, बाँब सोडायचा आणि डोळ्यांपुढे अंधारी येत असताना विमान वर खेचायचं. पी. सी. लाल, जे १९७१ मध्ये वायुदलप्रमुख होते, ते सातव्या स्क्वाड्रनमध्येच होते. शिवदेव सिंग यांच्यासारखे काही थेट ब्रिटनमधून चार इंजिनांच्या स्टर्लिंगवर जर्मनीत गेले. दक्षिण-पूर्व आशियात ज्यांचं विमान जंगलात किंवा समुद्रात गेलं आणि कबर झाली नाही, अशांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत, तिथे एकूण २४ हजारांहून अधिक. युरोपच्या आकाशातून जे परतले नाहीत, त्यांच्यासाठी लंडनजवळ रनीमीडला १९५३ मध्ये स्मारक झालं, तिथे २० हजारांवर.

आधीच्या युद्धात मुंबईचे एक मराठी वैमानिक होते, श्रीकृष्ण वेलिणकर. केंब्रिजचे विद्यार्थी, २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन विमानावर. जून १९१८ च्या अखेरीस ते गस्तीवरून परतले नाहीत. जर्मनांच्या कैदेत ३० जूनला वारले. फ्रान्समध्ये हंगार्ड गावच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. ब्रिटनच्या हवाई दलात त्या युद्धात लढाऊ विमानांवर गेलेल्या मूठभर हिंदी तरुणांत ते होते. आपल्या शाळांच्या पुस्तकांत त्यांच्यापैकी इंद्रलाल रॉय कधी कधी सापडतात, वेलिणकर नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश वायुदलानं एक काम मात्र मन लावून केलं. बेपत्तांच्या शोधासाठी खास पथकं नेमली. सुमारे ४२ हजार वायुसैनिक बेपत्ता होते. ही पथकं गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना, पाद्र्यांना, स्मशानाच्या रखवालदारांना विचारत. कबरी उकरून गणवेशाचा शिवणधागा, बुटाचं माप, धोबीखूण यांवरून ओळख पटवत. १९४० च्या दशकाच्या अखेरपर्यंत निम्म्याहून अधिक माणसांचा ठावठिकाणा लागला. १९७१ च्या बेपत्तांसाठी असं पथक दोन्ही देशांपैकी कोणी पाठवलं नाही. ते शत्रूच्या मुलखात होते, हे खरं. पण जर्मनीही शत्रूचाच मुलूख होता, फक्त हरलेला.

*

पुतण्यानं काकाचा शोध लावण्याची जी एक गोष्ट भारताच्या भूमीवर घडली, ती अमेरिकन आहे. २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चबुआकडे निघालेलं ‘हॉट ॲज हेल’ नावाचं बी-२४ बाँबर वाटेत नाहीसं झालं. वर आठ जण. युद्धानंतर अमेरिकी सैन्यानं शोध सोडून दिला. २००६ मध्ये ॲरिझोनाचे क्लेटन कुलस पाठीवर पिशवी टाकून अरुणाचलमधल्या दामरोह गावाच्या वर चढले, स्थानिक आदी जमातीच्या लोकांच्या मदतीनं त्यांनी अवशेष गाठले आणि आकडे जुळवले. नेव्हिगेटर आयर्विन झेट्झ यांच्या पुतण्यानं त्यानंतर वर्षानुवर्षं वॉशिंग्टन आणि दिल्ली दोन्हीकडे तगादा लावला. अडथळा डोंगराचा नव्हता. चीन सरहद्दीजवळच्या भागात परदेशी सैनिकी पथकाला येऊ द्यायचं की नाही, यावर दिल्लीत वर्षं गेली. खोदकाम अखेर २०१५ मध्ये सुरू झालं. त्यातून फर्स्ट लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली आणि जून २०१७ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या त्यांच्या गावी, काँकॉर्डला, दफन झालं. त्या हिमालयी हवाई मार्गावर युद्धकाळात सुमारे ६०० विमानं पडली. पासीघाटला आता त्यावर एक संग्रहालय आहे.

आपल्या वायुदलाच्या अशा दोन घटना मराठी वाचकाला ठाऊक असतील. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-१२ रोहतांगजवळ नाहीसं झालं, वर १०२ जण. २००३ मध्ये गिर्यारोहकांना बर्फात पहिलं प्रेत दिसलं आणि २०२४ च्या शरद ऋतूतही चार सापडले. छप्पन्न वर्षांनी शवपेटी गावात आली तेव्हा तिच्यासमोर उभी राहिलेली काही माणसं आतल्या माणसापेक्षा वयानं दुप्पट होती. दुसरी घटना २२ जुलै २०१६ ची. तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ बंगालच्या उपसागरावर गेलं ते गेलंच. २९ जण. त्याचे नेव्हिगेटर होते निगडीचे फ्लाइट लेफ्टनंट कुणाल बारपट्टे. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या पाण्याखालच्या स्वयंचलित यानानं चेन्नईपासून ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल, अवशेषांचे फोटो घेतले. इतक्या खोलवरून वर काही आणणं सोपं नाही. पण साडेसात वर्षांनी निगडीच्या घराला एक गोष्ट निश्चित कळली, आणि तेवढ्याचीही किंमत काय असते हे तांबे, ससून आणि अडवाणी या घरांना विचारावं.

तारापूरच्या किल्ल्याशीही घरी कळवलेली अशी एक बातमी जोडलेली आहे. जानेवारी १७३९, चिमाजी अप्पांची वसईची मोहीम. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. बाजीराव पेशव्यांनी त्यांच्या आईला सांत्वनाचं पत्र लिहिलं. ते मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत छापलेलं आहे. पत्र उत्तम आहे, पण त्याची खरी ताकद भाषेत नाही. मुलगा कुठे गेला, कसा गेला, हे राज्य चालवणाऱ्या माणसानं आईला स्वतः आणि स्पष्ट कळवलं. किल्ल्याचे पडीक बुरूज आज खाजगी वाडीत आहेत की सरकारी, यावर इथे अधूनमधून वाद होतात. त्या पत्राची आठवण कोणी काढत नाही.

*

पालघर, बोईसर, वसई भागात कुणाच्या घरी पेटीच्या तळाशी वायुदलाच्या गणवेशातला फोटो असेल, तर काय करावं? आधी फोटो सोडून कागद बघावेत. तार, पेन्शनचं बुक, पदकासोबतची चिठ्ठी, मनिऑर्डरची पावती. यांपैकी कशावर तरी सेवा क्रमांक असतो, आणि नावापेक्षा तो महत्त्वाचा, कारण नावं साहेबाच्या कारकुनानं ऐकू आली तशी लिहिली आहेत. चुरी, पागधरे, वर्तक, सावे, म्हात्रे यांची इंग्रजी स्पेलिंगं चार चार प्रकारांनी करून पाहावी लागतात. वसईच्या ख्रिस्ती घरांना आणखी एक त्रास आहे: परेरा किंवा लोपीस असं नाव यादीत दिसलं, तर तो माणूस आपल्या नंदाखालचा की लिस्बनचा हे नुसत्या नावावरून कळत नाही, गावाचं आणि आईबापांचं नाव नोंदीत असेल तरच.

युद्धसमाधी आयोगाचा शोध फुकट आहे. सेवा क्रमांक, तुकडी, मृत्यूची तारीख आणि स्मारकावरची जागा तिथे मिळते. तारीख हाती आली की स्क्वाड्रनची रोजनिशी काढायची. ती लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. दर उड्डाणाची त्यात एक ओळ असते: विमानाचा क्रमांक, कोण कोण होतं, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं. हिंदी स्क्वाड्रनच्या रोजनिशाही त्याच मालिकेत आहेत. आपल्या बाजूनं एस. सी. गुप्ता यांचा हिंदी वायुदलाचा १९३३ ते १९४५ चा अधिकृत इतिहास १९६१ मध्ये निघाला, जुन्या ग्रंथालयांत तो सापडतो. अधिकारी नसलेल्या वायुसैनिकांची सेवापत्रकं दिल्लीत सुब्रतो पार्कच्या वायुदल अभिलेख कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. तिथे अर्ज करायचा तर नातं दाखवणारा कागद लागणार. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, त्यामुळे १९४० च्या माणसाचा जन्म, वारस किंवा सातबारा शोधायला एक खेप ठाण्याला मारायची तयारी ठेवावी.